मागच्या बोळाची दुसरी किल्ली

वस्तादांच्या दुकानात खुर्च्या तीन. एकीचा दांडा मोडलाय, दुसरीवर वर्तमानपत्रं साठलेली असतात आणि तिसरीवर गिऱ्हाईक. भिंतीशी एक बाक. त्या बाकावर आम्ही चार-पाच रिकामे म्हातारे सकाळी दहापासून ठाण मांडून बसतो. दाढी आठवड्यातून दोनदा, बाकी सगळा वेळ गावाची चौकशी. मी तर चाळीस वर्षं सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसलेला माणूस. कोण कुणाबरोबर आलं, कोणी दोनच तिकिटं काढून तिघांना आत नेलं, हे सगळं टिपून ठेवायची सवय हाडात मुरलेली. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. म्हणून लोक मला अजून तिकीटमास्तर म्हणतात, आणि मी खोकलो तरी बाक कान टवकारतो.

वस्ताद म्हणजे आमचे दाढी करणारे कारागीर. आता सत्तरीचे. हात असा की वस्तरा गालावरून फिरतोय की सावली, कळायचं नाही. अंगावर पांढरा डगला, डगल्याच्या वरच्या खिशात कंगवा, खालच्या खिशात तुरटीचा खडा. माझ्याशी अरेतुरे, इतरांशी दोनच शब्द: ‘मान सरळ’ आणि ‘झालं’.

दुकानाला मागचं दार आहे. त्यातून गेलं की अरुंद बोळ. तिथे गॅसच्या शेगडीवर दाढीच्या पाण्याचं पातेलं, आणि बोळाच्या टोकाला चार दुकानांचा मिळून एक संडास. त्याची किल्ली वस्तादांच्या आरशाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. कुणी चुकून खिशात घालून घरी नेऊ नये म्हणून शेजारच्या चष्मेवाल्याने तिला एक भलामोठा लाकडी ठोकळा बांधलाय. किल्ली काढली की ठोकळा भिंतीवर आपटतो. टक्. मग कोण कुठे निघालं हे पंचक्रोशीला कळतं.

आठ वर्षांपूर्वी हा ठोकळा फार वाजायला लागला. वस्ताद अर्धी दाढी करायचे, वस्तरा खाली ठेवायचे, टक्, आणि गायब. गिऱ्हाईक बिचारं एका गालावर फेस घेऊन आरशात स्वतःकडे बघत बसायचं. पाच मिनिटांनी वस्ताद परत, पुन्हा दोन हात मारले की पुन्हा टक्. एके दिवशी मी बाकावरून ओरडलो, “चला, मध्यंतर झालं! चहा पिऊन घ्या सगळ्यांनी!”

बाक असा हसला की चष्मेवाला दुकान सोडून बघायला आला. झालं. त्या दिवसापासून वस्तादांचं नाव मध्यंतर. आठवड्याभरात पानवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. मला तर अगदी नवीन नातू झाल्यासारखा आनंद झाला होता.

दुखणं साधंच. प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असते, वय झालं की ती फुगते आणि वाट आवळते. वस्तादांना गोळ्यांनी उतार पडेना, म्हणून डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ती खरवडून काढली. टाका नाही, जखम दिसायला नाही. चार दिवसांत माणूस घरी.

मी रोज भेटायला जायचो. आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, वा, काय मैत्री! थांबा. भेटून आलो की मी थेट बाकावर जायचो आणि सगळा खेळ करून दाखवायचो. वस्ताद लघवीची पिशवी हातात धरून कॉरिडॉरमधून कसे चालतात, नर्सने पिशवीतला रंग बघून मान कशी हलवली, ‘वाहतंय का, वाहतंय का’ म्हणून डॉक्टर कसे खाली वाकले. पिशवीच्या जागी मी टॉवेल घ्यायचो. काय हशा पिकायचा! महिनाभर तोच खेळ, लोकाग्रहास्तव.

वस्ताद बरे होऊन आले आणि ठोकळा शांत झाला. मीच जाहीर केलं, “मध्यंतर संपलं! आता थेट शेवटापर्यंत! एकदा कापून टाकलं की कायमची ब्याद गेली.” डॉक्टरांनी मात्र दरवर्षी येऊन दाखवायला सांगितलं होतं. पहिल्या वर्षी वस्ताद गेले. दुकान अर्धा दिवस बंद दिसलं म्हणून दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “काय वस्ताद, गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती काय?” खुर्चीत एक तरुण इंजिनिअर होता, त्याला इतकं हसू आलं की वस्ताद वस्तरा उचलून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, “मान सरळ.”

त्यानंतर ते कधी दाखवायला गेले नाहीत. ते मला तेव्हा समजलं नाही असं नाही. समजलं होतं, पण हशा वसूल झाला होता.

मध्ये पाच-सहा वर्षं बरी गेली. मग गेल्या दोन वर्षांत वस्तादांच्यात एक बदल मी पाहिला. त्यांनी दुकानात चहा घेणं सोडलं. ‘पित्त होतं’ म्हणाले. आणि पाण्याच्या बाबतीत भलतेच काटेकोर झाले. पूर्वी मगभर पाण्यात दोन दाढ्या व्हायच्या. आता एका दाढीला दोनदा पाणी. जरा वेळ झाला की पाण्याचा मग उचलायचा, ‘गार झालं’ म्हणायचं आणि मागच्या बोळात जायचं. वाफाळतं पाणी घेऊन यायचे. आम्ही बाकावर कौतुक करायचो. मी स्वतः म्हणालो, “म्हातारपणी माणसाची कला वाढते ती अशी. आता गिऱ्हाईकाचा गाल म्हणजे राजाचा गाल!”

खिळ्यावरची किल्ली जागच्या जागी. ठोकळा गप्प. चाळीस वर्षं खिडकीत बसून लोकांची बिंगं पकडणाऱ्या माणसाला समोरचं दिसलं नाही.

मग या थंडीत वस्तादांना सर्दी झाली. नुसत्या शिंका. शिंकणाऱ्या माणसाच्या हाती वस्तरा म्हणजे गिऱ्हाईकाचा जीव टांगणीला. मी खिशातून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी काढली, “घे, माझ्या सुनेच्या आहेत, दोन घे, नाक बंद.” त्यांनी पट्टीकडे जरा बघितलं. काहीतरी विचारणार होते, असं आता वाटतं. पण बाक भरलेला होता. त्यांनी दोन्ही गोळ्या गिळल्या.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला वस्ताद पाण्याचा मग घेऊन मागे गेले, आले. लगेच पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले ते बराच वेळ आले नाहीत, आणि आले तेव्हा थंडीत कपाळावर घाम. त्यांनी गिऱ्हाईकाची राहिलेली दाढी पुरी केली, ‘झालं’ म्हटलं, कापड झटकलं आणि स्वतःच त्या खुर्चीत बसले. चाळीस वर्षांत वस्तादांना गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “काय रे, पुन्हा मध्यंतर?”

बाकावर दोघं हसले. वस्तादांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पोटावर हात धरून म्हणाले, “मला जरा दवाखान्यात सोड. सकाळपासून थेंब नाही.”

गाडीत ते दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या तोंडावर उमटत होता.

दवाखान्यात नळी घातली, पिशवी लावली. दोन तांब्यांच्या वर लघवी तुंबलेली निघाली. वस्तादांनी डोळे मिटून असा श्वास सोडला की नर्सलाही बरं वाटलं. त्यांचे कपडे गुंडाळून तिने माझ्या हातात दिले. “घरच्यांना द्या.” डगला जड लागला म्हणून मी खिसा चाचपला. तुरटीचा खडा, आणि त्याच्याबरोबर एक किल्ली. लांब, पितळी, दोन दातांची. मी ओळखली. हिच्यासारखी एकच किल्ली मी रोज पाहत होतो, ठोकळा बांधलेली. हिला ठोकळा नव्हता. वाजू नये म्हणून वरच्या कडीला चिंधी गुंडाळून शिवलेली होती. चिंधी मळून काळी पडली होती, म्हणजे काल-परवाची नव्हे.

कॉरिडॉरमध्ये मी डगला पोटाशी धरून उभा राहिलो. गार पाणी, गरम पाणी, सोडलेला चहा, सगळं एकदम डोक्यात आलं. ठोकळ्याचा आवाज कुणाच्या कानी पडू नये म्हणून वस्तादांनी हे केलं होतं? बाकावर कान चार-पाच जणांचे. तोंड मात्र एकाचंच.

तेवढ्यात वहिनी आल्या, वस्तादांची बायको. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांना नवल वाटलं नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“घरात रोज चार वेळा रात्रीचे उठतात, मला ठाऊक नसेल? दोन वर्षं सांगतेय, दाखवून या. म्हणतात, दुकान बंद ठेवलं की विचारणार, कुठे गेला होतास.” त्या डगल्याची घडी घालायला लागल्या. “भाऊजी, दुखण्याला नाही हो घाबरत ते. तुमच्या तोंडाला घाबरतात.”

बाई भांडली असती तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. डगल्याच्या बाह्या आत दुमडून त्यांनी तो पिशवीत ठेवला.

या वेळच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि बोलायला सरळ. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, “पहिलं ऑपरेशन चुकलं नव्हतं. संत्र्यातला गर काढतो, तशी आतली ग्रंथी काढतात, साल राहते. काहींच्या बाबतीत राहिलेला भाग वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. सगळ्यांचं होत नाही, पण होतं. म्हणून तर दरवर्षी या म्हणतो. हे आले असते तर गोळ्यांवरही भागलं असतं कदाचित.”

“आणि आता?” वहिनींनी विचारलं.

“लघवी पूर्ण सुटत नव्हती, तिचा दाब मागे किडन्यांवर आला. दोन्ही सुजल्यात. त्यात कालची सर्दीची गोळी. त्या गोळीने नाक मोकळं होतं, पण मूत्राशयाचं तोंड आवळतं. हे दुखणं असलेल्याने ती घ्यायचीच नसते. दिली कुणी?”

मी टेबलावरच्या पेनांकडे बघत म्हणालो, “मी.”

बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं आणि पुढचं सांगितलं. ग्रंथीची वाढ साधीच होती, कर्करोग वगैरे काही नव्हतं. नळीने किडन्या दहा-बारा दिवसांत सावरतील, मग पुन्हा तसंच ऑपरेशन. आणि लवकर. नाहीतर किडन्या हातच्या जातील.

ऑपरेशनला वस्ताद नाही म्हणाले.

नळी आणि पिशवीसकट घरी आले, दुकानाला कुलूप लावलं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. ‘ही पिशवी बरी आहे, हिच्यावर जातील तितके दिवस जाऊ देत. दुकान बंदच करतो, वय झालं.’ वहिनींनी सांगून पाहिलं, मुलगी दूरच्या गावाहून फोनवर रडली. आठवडा उलटला. बाईंनी निरोप पाठवला, ‘नळी आयुष्यभर ठेवायची म्हणजे पू, ताप, पुन्हा दवाखाना. तारीख ठरवा.’ शेवटी वहिनींनीच मला बोलावलं. “ज्यांनी बिघडवलंय त्यांनीच बघा,” एवढंच.

दुपारी त्यांच्या घरी गेलो, दुकानासमोर रस्त्यापलीकडे, वरच्या मजल्यावर. खोलीत डेटॉलचा वास, पलंगाखाली बादलीत पिशवी. वस्तादांची दाढी आठ दिवसांची वाढलेली. दुसऱ्यांच्या दाढ्या करणाऱ्या माणसाचा हा चेहरा मला बघवेना.

“ये तिकीटमास्तर,” ते म्हणाले. “बस. आधी मीच करून दाखवतो.” आणि उशाचा टॉवेल पिशवीसारखा हातात धरून, माझाच आवाज काढून बोलायला लागले, “या मंडळी या! मध्यंतर, भाग दुसरा! लोकाग्रहास्तव पुन्हा! तेच नट, तीच पिशवी!”

हुबेहूब केलं हो त्यांनी. माझी मान वेळावण्याची लकबसुद्धा. मी किती वाईट दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

“मी नाही करणार पुन्हा,” मी म्हणालो.

“तू नाही केलंस तर चष्मेवाला करेल. तू शिकवलंयस सगळ्यांना.” ते दमून मागे टेकले. “पहिल्या वेळी मी हसून घेतलं. आता गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा धरायचा आणि पाठीमागे लोक माझ्या लघवीच्या वेळा मोजणार. हात हलतो रे माझा. हात हलला की मी संपलो.”

खोटी शपथ घ्यावी तर माझ्या शपथेला गावात कोण विचारतो. मग मी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक पट्टी काढून त्यांच्या पांघरुणावर ठेवली. दहाच्या पट्टीत सहा गोळ्या उरलेल्या. तीच गोळी. वस्तादांना आठ वर्षांपूर्वी प्रोस्टेटसाठी पहिल्यांदा लिहून दिली होती ती.

“कुणाची?”

“माझी. रोज रात्री एक.”

“कधीपासून?”

“तू दवाखान्यात वरच्या मजल्यावर पिशवी घेऊन हिंडत होतास ना, तेव्हापासून. तुला भेटायला म्हणून यायचो. आधी खाली बाहेरच्या विभागात स्वतःचा केसपेपर काढायचो, मग वर. बाकावर टॉवेल घेऊन नाचायचो तेव्हा ही पट्टी खिशातच असायची. तुझ्याकडे सगळे बघत राहिले की माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.”

हे मी तोवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. तिला वाटायचं गोळी रक्तदाबाची आहे.

वस्ताद पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत होते. मला वाटलं, आता शिवी येईल. मी तयारीत होतो, मला हवीच होती. ते म्हणाले, “मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“अरे, खुर्चीत बसलेला माणूस पायाचे अंगठे कसे आवळतो ते आरशात दिसतं. तू दाढीला बसण्याआधी घरी पळत जाऊन येतोस, ‘चष्मा विसरलो’ म्हणतोस. चष्मा तुझ्या डोक्यावर असतो. तुझी दाढी मी दहा मिनिटांत उरकतो गेली सहा-सात वर्षं. इतरांना वीस लागतात. तुला काय वाटलं, हात चालतो म्हणून?”

“मग एकदाही बोलला नाहीस?”

“मान माझ्या हातात असते तुझी. त्या माणसाची चेष्टा करायची नसते. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.”

बादलीतल्या पिशवीत थेंब थेंब जमत होते. सहा-सात वर्षं या माणसाने माझं गुपित वस्तऱ्याखाली सांभाळलं, आणि त्याच वर्षांत मी त्याचं गावभर वाटत होतो.

ते म्हणाले, “एक कर. बाकावर जाऊन स्वतःचं सांग. टॉवेल घेऊन, आवाज काढून, सगळं. मग मी बाईंना हो म्हणतो.”

“दुकान बंद आहे.”

“कुलूप लावायच्या आधीच बाक बाहेर काढून ठेवलाय, त्यावर बसतात सगळे. मला इथून दिसतं खिडकीतून.”

गेलो. आयुष्यात हजार किस्से सांगितले, पण हा सुरू करण्याआधी मी टॉवेलची घडी दोनदा मोडली. पोस्टातून निवृत्त झालेले एक अण्णा, पानवाला, चष्मेवाला, सगळे होते. सांगितलं. केसपेपर, गोळ्या, विसरलेला चष्मा, घरी पळणं. बाक हसला. पाय आपटून हसला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांतून पाणी. “म्हणजे तुम्ही तर सिनेमाच्या आधीच्या जाहिराती! खेळ सुरू व्हायच्या आधीच उठायचं!” झालं माझं बारसं. जाहिरात. त्या हसण्यात मी उभा होतो, आणि हसू संपेना. किती लांब असतं ते! बाकावरून ते मला नेहमी तोकडंच वाटायचं.

वर खिडकीत पडदा हलला. संध्याकाळी वहिनींचा फोन आला, गुरुवारची तारीख घेतली.

ऑपरेशन नीट झालं. कमरेत भुलीची सुई, तासाभराचं काम. पिशवीतला रंग पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, तिसऱ्या दिवशी पाण्यासारखा. या वेळी कुणी विचारलं तर मी ‘बरे आहेत’ एवढंच सांगायचो, आणि लोकांना त्यात काही मजा यायची नाही. रक्ताच्या तपासणीत किडन्यांचा आकडा उतरला, पण पूर्वीसारखा झाला नाही. बाई म्हणाल्या, “थोडं नुकसान राहील. सांभाळून चालवायचं.” ते थोडं जे आहे, ते माझ्या नावावर आहे. त्याला ऑपरेशन नाही.

दीड महिन्याने दुकान उघडलं. पहिली दाढी मीच मागितली. वस्तादांनी कापड बांधलं, फेस लावला. आणि बरोबर एका बाजूची झाल्यावर माझं व्हायचं ते व्हायला लागलं. घरी जाऊन आलो होतो, तरी. आरशात मला बाक दिसत होता. सगळे टपून बसलेले. खिळ्यावरच्या ठोकळ्याकडे एक डोळा, माझ्याकडे एक. चष्मेवाल्याने तर आपलं दुकान उघडं टाकलं होतं. मी पायाचे अंगठे आवळले.

वस्तादांचा हात थांबला. त्यांनी मगात बोट बुडवलं. “गार झालं,” ते म्हणाले. “तिकीटमास्तर, ऊठ जरा, तूच आण. मला अजून वजन उचलायला मनाई आहे.” आणि पाण्याचा मग माझ्या हातात दिला. मगाच्या दांड्याबरोबर तळहातात काहीतरी आलं, चिंधी गुंडाळलेलं.

मी अर्ध्या फेसानिशी मागच्या बोळात गेलो. ठोकळा वाजला नाही. काम झालं, कुलूप लावलं आणि सुटकेचा श्वास टाकून दुकानाच्या दारापर्यंत आलो, तेव्हा हाताला मग हलका लागला. पाणी भरायचं राहूनच गेलं होतं.

दोन वर्षं, दिवसातून दहा वेळा, पोटात तसली कळ घेऊन हा माणूस या बोळात येत होता. एकदाही रिकाम्या मगाने परतला नव्हता.

मी मागे फिरलो आणि शेगडी पेटवली. पाणी तापेपर्यंत तिथेच उभा राहिलो. गालावरचा फेस वाळत चालला होता.